सेकंडहँड फायबर होडी घेताना काय बघायचं, आणि रंग लागायच्या आधी का बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही पुण्यात राहता, वेंगुर्ल्याला गावच्या घरी होमस्टे सुरू केलाय, पाहुण्यांना खाडीत फिरवायला आणि वातावरण चांगलं असेल तेव्हा जरा बाहेर डॉल्फिन दाखवायला एक होडी हवीय. बघून ठेवलेली होडी 26 फुटी फायबरची, मागे 40 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागे बाहेरून लटकवलेलं इंजिन), आतापर्यंत मासेमारीला वापरलेली. मालक म्हणतोय इंजिन आत्ताच ओव्हरऑल (पूर्ण खोलून दुरुस्त) केलंय आणि सौदा ठरला की नवा रंग मारून देतो. तुम्ही विचारताय की घ्यायच्या आधी तपासून घ्यायची तर कुणाकडून, नेमकं काय बघायचं, की माणूस ओळखीचा आहे म्हणून विश्वासावर घेऊन टाकायची.

पहिलं म्हणजे त्याला आजच फोन करा आणि सांगा की रंग मारू नको. रंगाचे पैसे कमी कर पाहिजे तर, पण होडी आहे तशी बघायचीय. नवीन रंगाखाली काय दडतं ते खाली सविस्तर सांगतो, पण फायबर होडीत जे काही बिघडलेलं असतं त्याची खूण बहुतेक वेळा वरच्या थरावरच पहिली उमटते, बारीक भेग, पिवळट-तपकिरी ओघळ, फुगलेला पापुद्रा, आणि दोन हात रंग मारला की ती सगळी माहिती गेली. मालक फसवतोय असं मी म्हणत नाही, बरेच मालक मनापासूनच रंगवून देतात, लग्नाच्या आधी घर रंगवतात तसं. पण तुमचं नुकसान तेवढंच होतं.

दुसरं, वेळ. आपल्याकडे मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे मेच्या शेवटी होड्या वर ओढल्या जातात, झापं किंवा ताडपत्री पडते, आणि मग जुलैत नारळी पौर्णिमेच्या आधी सगळीकडे घासाघीस आणि रंगरंगोटी चालू होते. जुलै-ऑगस्टमध्ये विकायला उभी असलेली प्रत्येक होडी चकाचक दिसते. बघायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये बघा, हंगाम संपत आलेला असतो, होडी थकलेली, मळलेली असते, खरं रूप तेव्हाच कळतं आणि पाण्यातली ट्रायलही घेता येते. पावसाळ्यात वर काढलेली होडी बघितली तर ट्रायल कुठे घेणार? मग "इंजिन एकदम कडक आसा, काय एक बघूची गरज नाय" एवढ्यावर समाधान मानावं लागतं.

तळ बघायला क्रेन वगैरे लागत नाही. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास उधाणाच्या भरतीला होडी खाडीत जेवढी वर नेता येईल तेवढी न्यायची आणि ओहोटीला वाळूवर बसू द्यायची, मग तीन-चार तास निवांत मिळतात. भांगाच्या दिवसात (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा) हे करू नका, पाणी पुरेसं उतरत नाही आणि तुम्ही गुडघाभर पाण्यात वाकून बघत बसाल. मुंबईकडे उधाणाला चार-पाच मीटरचा फरक पडतो, आपल्याकडे दक्षिणेला त्याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे जागा नीट निवडायला लागते. होडी एका कुशीवर कलंडते तेव्हा एकच बाजू दिसते, दुसरी बाजू बघायला चार माणसं घेऊन ती दुसरीकडे कलती करा, "तिकडे पण असंच आहे" यावर विश्वास ठेवू नका. ओंडक्यांवर किंवा ट्रॉलीवर पूर्ण वर काढता आली तर उत्तमच.

आता होडीचं अंग. जवळ जायच्या आधी लांबून बघा, नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, दहा-पंधरा पावलांवर उभं राहा आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघा, मग मागे जाऊन तसंच. मग गालाशी डोळा लावून लांबीवर नजर टाका, ऊन तिरकं असताना, म्हणजे सकाळी किंवा चारनंतर. कुठे खड्डा, कुठे फुगवटा, कुठे चकाकी बदलते ते लगेच दिसतं. चकाकी बदलली म्हणजे तिथे रिपेअर झालंय. रिपेअर होणं वाईट नाही, कोकणात जेटीला आणि कातळाला न लागलेली होडी मिळणार नाही, प्रश्न एवढाच की रिपेअर कसं केलंय, नुसतं पुट्टी भरून रंग मारलाय की आतून मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि रेझिनचे (ते कडक करणाऱ्या चिकट द्रवाचे) थर दिलेत. त्यासाठी त्याच जागेच्या आतल्या बाजूला जाऊन बघायचं.

भेगांचं असं आहे की एका बिंदूपासून चांदणीसारख्या फुटलेल्या बारीक रेषा म्हणजे काहीतरी आदळलंय. आतून त्या जागी फायबर पांढरट पडलंय का बघा, पडलं असेल तर थर सुटलेत. पण कोपऱ्यात, बाकाच्या बुडाशी किंवा ट्रान्समच्या (इंजिन लटकतं त्या मागच्या भिंतीच्या) टोकाला एकमेकींना समांतर चालणाऱ्या भेगा असतील तर तो भाग सतत वाकतोय, म्हणजे आत आधार कमी पडलाय. मला आदळल्याच्या भेगेपेक्षा ही दुसरी जास्त खटकते.

कील, म्हणजे तळाच्या मधोमध लांबीभर जाणारा कणा, नक्की बघा. वाळूवर रोज ओढली जाणारी होडी कीलवर आणि मागच्या टाचेवर झिजते, जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) जातो, मग मॅटचे धागे उघडे पडतात आणि तिथून पाणी आत शिरायला लागतं. हात फिरवा, केसाळ लागलं तर समजा. कीलवर स्टीलची पट्टी मारलेली असेल तर तिचे स्क्रू बघा, गंजाचे ओघळ असतील तर स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलेलं असणार.

मग हातोडा. पाव किलोचा प्लास्टिक डोक्याचा घ्या, नसेल तर स्क्रू ड्रायव्हरची मूठ चालते. एक-एक वीत अंतरावर हलके ठोके मारत जा, आणि कान लावा. फणस पिकलाय का ते बोटांनी वाजवून बघतो तसंच आहे हे. घट्ट जागी आवाज टणक आणि मोकळा येतो, थर सुटलेल्या किंवा आतलं लाकूड कुजलेल्या जागी बद्द. सुरुवातीला काही कळत नाही, दहा मिनिटात कान तयार होतो. आतली आडवी-उभी पट्टी आली की आवाज बदलणारच, त्याला घाबरू नका, बदल ओळीत येतो की मध्येच कुठेतरी येतो ते बघा. संशयास्पद जागा खडूने गोल करत जा आणि शेवटी लांबून फोटो काढा.

अजून एक युक्ती, जेलकोट पांढरा किंवा हलक्या रंगाचा असेल आणि आतून रंगवलेलं नसेल तर संध्याकाळी अंधार पडल्यावर एकाने बाहेरून जोरदार टॉर्च टेकवून फिरवायची आणि दुसऱ्याने आतून बघायचं. एका थराच्या भिंतीतून उजेड झिरपतो. रिपेअर, पुट्टीचे ठिगळ, रेझिन कमी पडून कोरडी राहिलेली मॅट हे सगळं वेगळ्या छटेत दिसतं. गावठी मोल्डमधून काढलेल्या होड्यांमध्ये जाडी जागोजागी कमी-जास्त असते हेही यातच कळतं.

आता ट्रान्सम, म्हणजे मागची आडवी भिंत जिच्यावर इंजिन लटकतं. तुमच्याकडे फक्त अर्धा तास असेल तर बाकी सगळं सोडून हेच बघा. ही भिंत बाहेरून फायबर दिसते पण आत बहुतेक वेळा मरीन प्लाय किंवा साधा प्लायवूड असतो, आणि इंजिनाचे बोल्ट त्यातून आरपार गेलेले असतात. बोल्टच्या भोकात सीलंट नीट नसेल तर खारं पाणी आणि त्याहून वाईट म्हणजे पावसाचं गोडं पाणी आत झिरपत राहतं. गोडं पाणी लाकूड जास्त कुजवतं, म्हणून पावसाळ्यात नीट न झाकता ठेवलेली होडी कधीकधी रोज समुद्रात जाणाऱ्या होडीपेक्षा आतून वाईट निघते. बाहेरून मात्र भिंत सरळ, गुळगुळीत, छान. इंजिन थोडं टिल्ट करा, खालचा भाग दोन्ही हातांनी धरून वर-खाली जोरात हलवा आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समच्या वरच्या कडेवर नजर ठेवायला सांगा. इंजिनाबरोबर भिंत श्वास घेतल्यासारखी हलत असेल, कोपऱ्यातल्या भेगा उघडत-मिटत असतील, तर ती गेलेली आहे. बोल्टच्या वॉशरखाली फायबर दबून खड्डा पडलाय का तेही बघा, आणि बोल्टखालून किंवा पाणी काढायच्या बुचाच्या भोकातून तपकिरी ओघळ आलेत का. बूच काढून भोकात बोट घालून आतली कड चाचपा, प्लाय उघडा आहे की रेझिनने बंद केलाय. मी बघितलेल्या होड्यांमध्ये ही कड नीट बंद केलेली फार कमी सापडते.

तरी शंका राहिली तर मालकाच्या परवानगीने आतल्या बाजूने, खालच्या भागात, 4-5 मिमीचं एक भोक पाडायचं आणि ड्रिलला काय लागून येतं ते बघायचं. कोरडा फिका भुसा आला तर मजा आहे, काळपट ओला चिखल आला तर प्रश्न मिटला. भोक लगेच इपॉक्सीने बंद करून द्यायचं, तुमच्या खर्चाने. जो मालक एवढं भोकही पाडू देत नाही त्याला कदाचित आत काय आहे ते ठाऊक असतं.

मॉइश्चर मीटरबद्दल विचारतात लोक, ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून. माझ्याकडे आहे, वापरतो, पण सकाळी पाण्यातून काढलेल्या होडीला दुपारी मीटर लावून काही कळत नाही, पृष्ठभागावर मीठ असेल तरी आकडा चढतो, तळाचा रंग धातूवाला असेल तरी चढतो. गोड्या पाण्याने धुऊन, काही दिवस वाळवून मग लावायचा, आणि आकड्यापेक्षा एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करायची. दहा जागी सारखा आणि ट्रान्समवर एकदम वर, हे कामाचं. नुसता मीटर दाखवून "ओली आहे होडी" म्हणणाऱ्यावर फार जाऊ नका.

तळावर फोड दिसले तर काही लोक एकदम हादरतात, इंटरनेटवर ऑस्मोसिस वाचलेलं असतं. होतं ते, जेलकोटमधून पाणी हळूहळू आत जातं, आतल्या अर्धवट जमलेल्या रेझिनमधल्या गोष्टी त्यात विरघळतात, दाब वाढतो आणि फोड येतो, फोडला तर आंबट वासाचं चिकट पाणी येतं. फोडताना चष्मा घाला. पण हा त्रास वर्षभर पाण्यातच उभ्या असणाऱ्या बोटींना जास्त. आपल्या होड्या वाळूवर येतात-जातात, पावसाळाभर कोरड्या राहतात. चार-पाच फोडांसाठी होडी सोडू नका, पैसे कमी करा. अख्खा तळ फोडांनी भरला असेल तर मात्र सोलून, महिना-महिना वाळवून, इपॉक्सी लावायचं काम आहे, 26 फुटी होडीला ते परवडत नाही.

आत उतरल्यावर फळ्या, जाळ्या, डबे सगळं बाहेर काढायला लावा. रिकामी होडी हवी. तळाच्या उभ्या पट्ट्या, ज्यांना फायबरवाले स्ट्रिंगर म्हणतात, त्या तळाला जिथे चिकटतात त्या सांध्यावर बोट फिरवा, फट किंवा सुटलेली कड आहे का. डेकवर चालून बघा, कुठे लवचिक लागतंय का. डेकखाली फोम भरलेला असेल तर तो ओला आहे का हे कळायला हवं, कारण पाणी प्यालेला फोम सुकत नाही आणि होडी शंभर-दोनशे किलो जड होऊन बसते. सोपी खूण म्हणजे पाण्यात रिकामी उभी असताना होडी मूळच्या रेषेवर तरंगते की चार बोटं खाली बसलीय, शेवाळाची रेष रंगाच्या रेषेच्या किती वर गेलीय ते बघा.

आता इंजिन, कारण तुमच्या सौद्यात अर्ध्याहून जास्त पैसे तिथेच आहेत. जायच्या आधी मालकाला सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नको. पोचलात की पहिल्यांदा काउल (इंजिनावरचं झाकण) काढून सिलिंडरला हात लावा, कोमट असेल तर तुमच्यासाठी आधी गरम करून ठेवलंय. थंड इंजिन कितीव्या दोरीला घेतं, किती धूर टाकतं, किती वेळात शांत होतं, ही माहिती एकदाच मिळते.

ओव्हरऑल केलंय म्हणतो ना, मग बिल मागा. पिस्टन, रिंग, गॅस्केट, इम्पेलर (थंड करायचं पाणी ओढणारं पंपाचं रबरी चाक), काय बदललं, कुठून आणलं. बिल नसेल तर बोल्ट बघा. हेडचे बोल्ट कधी उघडले असतील तर त्यांच्या डोक्यावरचा रंग तुटलेला असतो, पान्याच्या खुणा असतात, गॅस्केटची कड ताजी दिसते. कारखान्यातला रंग अखंड असेल तर ओव्हरऑल म्हणजे कार्बोरेटर साफ करून प्लग बदललेत, एवढंच. हेडच्या आसपास रंग करपलेला किंवा फुगलेला दिसला तर इंजिन कधीतरी जाम तापलंय.

प्लग काढा, क्रमाने ठेवा. दोन्ही एकाच रंगाचे, फिकट तपकिरी असतील तर ठीक. एक अगदी धुतल्यासारखा स्वच्छ आणि दुसरा काळा असेल तर स्वच्छ वाल्या सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. टोकाला चमकणारे बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे, तिथेच थांबा. मग कॉम्प्रेशन गेज, मेकॅनिककडे असतोच. सगळे प्लग काढून, किल स्विचची (इंजिन लगेच बंद करणाऱ्या बटणाची) लाल दोरी काढून ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून दोरी ओढायची. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, त्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, 10 टक्क्यांच्या आत असला तर बरं, त्याच्या बाहेर गेला तर इंजिन खोलावं लागणार असं धरून किंमत बोला. केरोसीनवर चालवलेलं असेल तर अजून सावध, पेट्रोलवर चालू करून गरम झाल्यावर केरोसीन आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोल, ही शिस्त सगळे पाळत नाहीत, मग रिंगांच्या मागे कार्बन बसतो आणि रिंगा अडकतात.

खालचा गिअरचा भाग. खालचा स्क्रू जरासा सैल करून एक-दोन चमचे तेल वाटीत घ्या, इंजिन रात्रभर उभं असताना, कारण पाणी असेल तर ते खाली बसलेलं असतं आणि पहिल्यांदा तेच येतं. तेल दुधाळ आलं म्हणजे सील गेलंय. सील जाण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे पंख्यामागे (प्रोपेलरमागे) गुंडाळलेली मासेमारीची नायलॉनची तंगूस, म्हणून पंखा काढून मागे बघा. स्क्रूला लोखंडाचा बारीक चुरा चिकटलेला असेल तर चालतं, दातांचे तुकडे असतील तर नाही. पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवताना टोक डुगडुगतंय का ते शेजारी पेन्सिल धरून बघा.

होडीला इंजिन नंतर बदललेलं असेल तर शाफ्टची लांबी जुळते का बघायचं. आखूड शाफ्टला ट्रान्सम साधारण 15 इंच, लांब शाफ्टला 20 इंच लागतो, पंख्यावरची सपाट पट्टी तळाच्या पातळीच्या आसपास यायला हवी. जुळत नसेल तर एकतर पंखा हवा ओढतो नाहीतर उगाच पाणी कापत खोल चालतो. मासेमारीच्या होड्यांना लोक जागेवर जुगाड करतात, ट्रान्समवर लाकडाचा ठोकळा वाढवतात, आणि तोच ठोकळा पुढे ट्रान्सम हलवतो.

ट्रायलला जाताना तुम्ही रोज जेवढी माणसं नेणार तेवढी घेऊन जा, दोघेच जाऊन उपयोग नाही. सकाळी आरशासारख्या पाण्यात नको, दुपारी वारा सुटल्यावर थोड्या लाटा असताना जा, अर्थात सुरक्षित असेल तेवढंच, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालून. निघायच्या आधी तळ पुसून कोरडा करा. पिचकारी, म्हणजे इंजिनाच्या मागून येणारी पाण्याची धार, पहिल्या मिनिटापासून जोरात हवी आणि बोटाला कोमट लागायला हवी. मग अर्ध्या थ्रॉटलवर पंधरा-वीस मिनिटं, मग काही मिनिटं पूर्ण. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या पट्ट्यात पोचतो का? नाही पोचला तर पंखा चुकीचा, तळ घाण, होडी आतून पाणी पिऊन जड झालेली, किंवा इंजिन थकलेलं, यातलं काहीतरी आहे. उलट आरपीएम चढतो पण होडी पळत नाही असं झालं तर पंख्याचं रबरी बुश सटकतंय, ते स्वस्तातलं काम. वेग मोबाईलच्या जीपीएसवर बघा, जाताना आणि येताना दोन्ही, कारण खाडीत ओहोटीबरोबर गेलात तर कुठलीही होडी वेगवान वाटते. रिव्हर्स टाका, दोन्हीकडे पूर्ण वळणं घ्या, स्टीअरिंग केबल अडकते का बघा, लाल दोरी ओढून इंजिन बंद होतं का ते एकदा नक्की करा. परत आल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटांनी परत चालू करा, गरम असताना चालू न होणारी इंजिनं खूप आहेत. शेवटी तळात किती पाणी आलं ते बघा.

तुमचं मन बदलून लाकडी होडी किंवा इनबोर्ड (होडीच्या आत बसवलेलं) डिझेल घ्यायचं ठरलं तर बघायच्या गोष्टी बदलतात, लाकडात टोच्या घेऊन पाण्याच्या रेषेजवळ आणि कीलजवळ टोचत जायचं, खिळ्यांभोवती काळं पडलंय का, समुद्रकिड्याची भोकं आहेत का, हे बाहेरून टाचणीएवढी दिसतात आणि आत बोटाएवढं पोखरलेलं असतं. पण होमस्टेच्या होडीला लाकूड घेऊ नका, दर वर्षीची देखभाल तुम्ही पुण्यात बसून करवू शकणार नाही.

तपासायला कुणाला न्यायचं? मोठी बोट असती तर मी सरळ सांगितलं असतं की इर्डाचं (विमा नियामकाचं) मरीन हलचं, म्हणजे बोटीच्या अंगाचं, लायसन्स असलेला सर्व्हेयर बोलवा, ते मुंबई किंवा गोव्याकडून येतील, फी आणि येण्याजाण्याचा खर्च द्यायला लागेल. 26 फुटी होडीला मला वाटतं दोन माणसं पुरतात, एक फायबर मिस्त्री आणि एक आउटबोर्डचा मेकॅनिक, दोघेही दुसऱ्या गावचे. ज्या मिस्त्रीने ही होडी बांधली किंवा मागच्या वर्षी दुरुस्त केली तो तिच्यात खोट काढणार नाही, आणि मालकाच्या नेहमीच्या मेकॅनिकला उद्या मालकाचंच काम करायचंय. मालवण, देवगड, नाहीतर पेडण्याकडून माणूस आणा, दिवसाची मजुरी आधी ठरवा, आणि सौदा होवो न होवो पैसे मिळतील असं सांगा. सौदा झाला तर कमिशन, अशा बोलीवर आलेल्या माणसाची तपासणी फुकट गेली समजा. तोंडी "चांगली आहे" नको, फोटो आणि खोटांची यादी व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून घ्या. विमा काढणार असाल तर विमा कंपनीला आधीच विचारा, त्यांना त्यांच्या सर्व्हेयरचा रिपोर्ट लागत असेल तर तोच सौद्याआधी करून घ्या, एका खर्चात दोन कामं.

आणि ओळखीचा माणूस म्हणून विश्वास? तपासणीला ओळखीचा माणूस नाराज होत नाही, निदान व्हायला नको. फायबरच्या आत काय कुजलंय हे बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं.

आता तुम्ही विचारलेलं नाही पण सगळ्यात मोठी अडचण तिथेच आहे, कागद. ही होडी मासेमारीची म्हणून नोंदलेली आहे, बाजूवर देवनागरीत असो की इंग्रजीत, जो नोंदणी नंबर रंगवलाय तो प्रमाणपत्रावर आहे का, लांबी टेप लावून जुळते का, इंजिन नंबर प्लेटवरचा आणि खरेदीच्या बिलावरचा एकच आहे का, हे तिथेच उभं राहून बघा. आउटबोर्ड चोरीला जातात, बिल नसलेलं इंजिन कितीही स्वस्त असलं तरी नको. होडीवर बँकेचं, सोसायटीचं किंवा सोसायटीमार्फत एनसीडीसीचं (राष्ट्रीय सहकार विकास निगमाचं) कर्ज आहे का ते विचारा आणि नुसतं विचारू नका, ना-हरकत पत्र कागदावर घ्या. मालकी बदल मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयातून होतो, नुसत्या स्टॅम्पपेपरवर सह्या करून होडी तुमची होत नाही.

त्याहून महत्त्वाचं, मासेमारीच्या नोंदणीवर पैसे घेऊन पर्यटक नेता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा सर्व्हे आणि परवाना लागतो, किती माणसं बसवायची ते तेच ठरवतात, आणि पावसाळ्यात, म्हणजे मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत, प्रवासी फेऱ्या बंद असतात. म्हणून होडी बघायच्याही आधी वेंगुर्ला बंदरात जाऊन बंदर निरीक्षकांना विचारा की या मापाची, या इंजिनाची, मासेमारीतून आलेली होडी प्रवासी म्हणून नोंदवायची तर काय काय लागेल. मासेमारीची होडी जाळं आणि मासा तळात घेऊन चालायला बांधलेली असते, वजन खाली. तुम्ही तिच्यावर छप्पर घालणार, बाकं उंच करणार, आणि डॉल्फिन दिसला की सगळे पाहुणे एका बाजूला धावणार. मे 2022 मध्ये तारकर्लीला बोट उलटून दोन पर्यटक गेले ते आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. छपराचा विचार सर्व्हेयरला विचारल्याशिवाय करू नका.

किमतीचं बोलायचं तर कुजलेला ट्रान्सम म्हणजे होडी सोडायचीच असं नाही, फायबर मिस्त्रीकडून नवीन करायचा लेखी आकडा घ्या आणि तेवढे वजा करून बोला. इम्पेलर, पंखा, केबल, वायरिंग हे सगळं सौद्यातलं. सोडायची ती तळाच्या स्ट्रिंगर जागोजागी सुटलेली, पिस्टनचे कण सापडलेली, आणि कागद नसलेली. टोकन दिलंत तर छोटं द्या आणि त्या पावतीवर लिहा की ट्रायल आणि ना-हरकत पत्र मिळाल्यावरच बाकीचे, नाही जमलं तर टोकन परत, खाली इंजिन नंबर आणि सोबत काय काय येतंय त्याची यादी, नांगर, दोर, पेट्रोलची टाकी, जास्तीचा पंखा, ट्रॉली, कारण सौदा झाल्यावर ट्रॉली कुणाची यावरून भांडणं झालेली मी बघितलीयत.